फाइलीत नसलेली पॅकेटे

जुने मराठी कागद चाळणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: दप्तरात पत्र नाही म्हणून ते पोहोचलेच नव्हते, असे होत नाही. उत्तरात ‘पत्र पावले’ असे असले की उलगडा होतो. गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेली महादजी शिंद्यांची कागदपत्रे १९३७ साली ग्वाल्हेरातूनच छापली गेली. मुरारला बसून संगणकाच्या जाळ्यांवर लिहिताना हा दाखला आधी सुचावा, यात नवल नाही.

जाळ्यावरून जाणारी पॅकेटे पकडून साठवलेली फाइल म्हणजे कॅप्चर; तिचे वाचन हे असेच दप्तरवाचन. पॅकेटे पकडणारे टीसीपीडम्प हे साधन १९८८ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत घडले. त्याच्या पीकॅप फाइलीत प्रत्येक पॅकेटाची वेळ, मूळ लांबी आणि साठवलेली लांबी असते. किती पॅकेटे पकडायची राहिली, हे मात्र नसते. तो आकडा काम थांबताना पडद्यावर उमटतो, आणि तो टिपून ठेवणारे विरळाच. पीकॅप-एनजी या नव्या फाइल-स्वरूपात त्यासाठी जागा आहे, सक्ती नाही.

मग फाइलीलाच विचारायचे. टीसीपी या प्रोटोकॉलात बाइटांना क्रमांक असतात. समजा, १००० पासूनचे १४४८ बाइटांचे पॅकेट दिसले. पुढचे २४४८ पासून हवे. दिसते ३८९६ पासूनचे, तेवढ्याच लांबीचे. आता समोरच्याची पोच पाहा. तो २४४८ चीच पोच पुन्हा पुन्हा देतो आणि मधले पॅकेट मागाहून येते, तर ते वाटेत हरवले किंवा मागे पडले होते. पण त्याने थेट ५३४४ ची पोच दिली आणि पुन्हा पाठवल्याची खूण कुठेच नाही, तर त्याला सारे मिळाले. हुकले ते आपले कॅप्चर. कॅप्चर वाचणारे वायरशार्क हे साधन पोकळी दाखवते, पण तेवढ्या शेऱ्यावर जाळ्याला दोषी धरू नये. स्विचच्या, रहदारीची नक्कल देणाऱ्या १ गिगाबिटच्या मिरर पोर्टवर दोन्ही दिशांची मिळून २ गिगाबिट रहदारी ओतली, तर जाळे धडधाकट असूनही फाइल भोकाभोकांची होणारच.

वर्न पॅक्सन यांनी १९९७ मध्ये टीसीपीचे नमुने तपासताना मोजमापातल्या अशा चुकांचा कसून समाचार घेतला. नवख्याने त्यामुळे बिचकू नये. बेरीज आणि संशय एवढे भांडवल सुरुवातीला पुरते.

अडचण खरी यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलात. तिथे क्रमांकही नाहीत, पोचही नाही. आवाज वाहणाऱ्या आरटीपीत क्रमांक आहेत, त्यामुळे पोकळी दिसते; दोष कुणाचा ते त्यावरून ठरत नाही. अशा वेळी दुसऱ्या टोकाला त्याच वेळी घेतलेले कॅप्चर मिळते का, ते आधी विचारावे.

मुरार, ग्वाल्हेर