सिमो! – बोय, डॉल्फिन आणि कोळी

१/६ इ.स. ७७ च्या सुमारास थोरल्या प्लिनीने आपल्या रोमन ज्ञानकोशात बोय माशांच्या एका विलक्षण मासेमारीची नोंद केली. स्थळ: लातेरा, दक्षिण फ्रान्समधील खाऱ्या पाण्याचे उथळ सरोवर.

२/६ ठरावीक ऋतूत, ओहोटी लागताच, असंख्य बोय मासे चिंचोळ्या मुखातून समुद्राकडे धावत. त्या लोंढ्यापुढे जाळी टिकत नसत.

३/६ मग किनाऱ्यावरचा जमाव ‘सिमो!’ अशी हाक देई. सिमो म्हणजे चपट्या नाकाचा. डॉल्फिन येत, खोल पाण्याची वाट अडवत आणि माशांना उथळ पाण्यात रेटत. तेथे कोळी जाळी लावत.

४/६ प्लिनी सांगतो, एका दिवसाची मजुरी अपुरी आहे हे जाणून डॉल्फिन दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत. तेव्हा त्यांना माशांखेरीज मद्यात भिजवलेला पावही मिळे.

५/६ ही दंतकथा वाटते. परंतु ब्राझीलमधील लागुना येथे शतकाहून अधिक काळ डॉल्फिन बोय माशांना किनाऱ्याकडे हाकत आले आहेत. त्यांचा इशारा मिळताच कोळी जाळी फेकतात.

६/६ कोळ्यांना साथ देणारे डॉल्फिन अधिक जगतात, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र तेथील बोयच घटत आहे. लातेराची भागीदारी आज ग्रंथातच उरली आहे; बोय संपली, तर लागुनाचीही तशीच उरेल.