अन्नपूर्णेच्या माथ्यावर

लग्नात कन्येबरोबर माहेरची अन्नपूर्णा सासरी येते. हाती पळी घेतलेली ती लहानशी मूर्ती आपणां बहुतेकींच्या देव्हाऱ्यात आहे. याच देवीच्या नावाचा पर्वत नेपाळात आहे. पर्वत कसला, शिखरांचे मोठे खटलेच ते! त्यातील थोरले शिखर ८,०९१ मीटर उंच.

३ जून १९५० रोजी मॉरिस हर्झोग व लुई लाशनाल हे दोघे फ्रेंच तेथे पोहोचले. आठ हजार मीटरांवरील शिखरावर मनुष्याचे पाऊल पडण्याची ती पहिलीच वेळ. एव्हरेस्ट त्यानंतर तीन वर्षांनी सर झाले. नकाशे चुकीचे असल्यामुळे पर्वताची वाट शोधण्यातच त्यांचे कित्येक आठवडे गेले होते. उतरताना हर्झोगचे हातमोजे घसरून गेले. हिमदंशाने त्याच्या हातापायांची बोटे गेली, लाशनालची पायांची गेली. परतीच्या वाटेवर डॉक्टरांनी ती कापली.

परंतु भगिनींनो, मला अधिक मोलाची वाटते ती १९७८ ची मोहीम. आर्लिन ब्लम या बाईंच्या नेतृत्वाखाली तेरा स्त्रिया निघाल्या. पैसा कोण देणार? त्यांनी टी-शर्ट छापून विकले. ‘बाईची जागा घरात’ या म्हणण्याला उलटवून, बाईची जागा शिखरावर, अशा अर्थाची ओळ त्यांवर होती. आपण हळदीकुंकवाच्या खर्चासाठी पापड विकतो, त्यातलाच हा प्रकार! १५ ऑक्टोबरला आयरीन मिलर व व्हेरा कोमारकोव्हा या दोघी मिंगमा व च्यवांग या शेर्पांसह माथ्यावर पोहोचल्या. दोनच दिवसांनी दुसऱ्या तुकडीतील ॲलिसन चॅडविक व व्हेरा वॉटसन कोसळून मरण पावल्या. त्या दोघींना वगळून या विजयाची गोष्ट सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पुढे १६ एप्रिल २०२१ रोजी साताऱ्याची प्रियांका मोहिते अन्नपूर्णेवर पोहोचली. तेथे जाणारी ती पहिली भारतीय स्त्री. एव्हरेस्ट, ल्होत्से व मकालू तिने आधीच चढले होते. मे २०२२ मध्ये तिने कांचनगंगाही गाठले. त्याच महिन्यात कोल्हापूरची कस्तुरी सावेकर एव्हरेस्टवर उभी राहिली. तिचे गाव आपल्या कागलपासून एसटीने तासाभराच्याही आतले.