मस्तिष्क अंतर्कीलन
मेंदूतील विकृत रक्तवाहिन्यांचा पुंजका आतूनच बुजवण्याची उपचारपद्धती. रोहिणी-नीला विकृतीत मधले केशवाहिन्यांचे जाळे नसते, रोहिणीतील जोरकस रक्त थेट नीलेत शिरते आणि रक्तस्राव किंवा आकडी उद्भवू शकते (पहा : अपस्मार, रोहिणी). एगास मोनीझ यांनी १९२७ मध्ये मस्तिष्क वाहिनीदर्शन (मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण) साधले. लुसेनहॉप व स्पेन्स यांनी १९६० मध्ये कृत्रिम गोळ्या रोहिणीत सोडून केलेले अंतर्कीलन प्रसिद्ध केले. आता जांघेतून वा मनगटातून सूक्ष्म नळी क्ष-किरणांच्या साहाय्याने पुंजक्यापर्यंत नेऊन एनबीसीए हा गोंद किंवा ओनिक्स हे बहुवारिक भरतात. गोंद रक्ताला लागताच गोठतो. ओनिक्स सावकाश घट्ट होते, म्हणून थांबत-थांबत सोडता येते. द्रव नीलेत आधी पोहोचला, तर बाहेरची वाट तुंबून पुंजका फुटण्याचा धोका असतो. केवळ अंतर्कीलनाने विकृती क्वचितच पूर्ण नाहीशी होते. बहुधा अंतर्कीलन शस्त्रक्रियेची वा किरणोपचाराची पूर्वतयारी ठरते (पहा : किरणोपचार). न फुटलेल्या विकृतींवरील ‘अरुबा’ चाचणीत केवळ औषधोपचार घेणाऱ्यांत मृत्यू व पक्षाघाताचे प्रमाण कमी आढळले. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.  दुर्गम भागांत हा उपचार सहज मिळत नाही; उदा., महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झाले. या उपचाराची केंद्रे मात्र मुख्यतः मोठ्या शहरांत असल्याने तेथील धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागातील रुग्णाला लांबचा प्रवास करावा लागतो.