भुईआवळी: काविळीचे औषध आणि विज्ञानाचा कौल

पावसाळ्यात शेताच्या बांधावर आणि परसात वीतभर उंचीची भुईआवळी उगवते. डहाळीच्या खालच्या बाजूस आवळ्यासारखी इवलीशी फळे ओळीने लागतात, म्हणून हे नाव. आयुर्वेदातील ‘भूम्यामलकी’ ती हीच. काविळीवर तिचा रस देण्याची प्रथा जुनी आहे. या प्रथेला विज्ञानाचा आधार कितपत आहे?

‘हिपॅटायटीस बी’च्या विषाणूचा शोध लावणारे नोबेल मानकरी बारूक ब्लुमबर्ग आणि मद्रासचे डॉ. एस. पी. त्यागराजन यांनी सहकाऱ्यांसह १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. महिनाभर भुईआवळी घेतलेल्या ३७ विषाणूवाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठप्रथिन नाहीसे झाले. औषधाचा केवळ आभास देणाऱ्या गटात २३ पैकी एकाच्याच. जगभर आशा पालवली. मात्र अन्य देशांतील चाचण्यांत हे यश पुन्हा दिसले नाही. २०११ च्या कॉक्रेन आढाव्यालाही खात्रीलायक पुरावा आढळला नाही.

कुटकी आणि कालमेघ (किराईत) यांनी प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या यकृताचे रक्षण केल्याचे दिसले आहे. रुग्णांवरील मोठ्या, काटेकोर चाचण्या मात्र तुटपुंज्या आहेत. युरोपातील ‘मिल्क थिसल’पासून मिळणारे सिलिबिनिन विषारी अळंबीच्या बाधेत शिरेतून देतात, पण म्हणून त्याच्या गोळ्या यकृताच्या प्रत्येक विकारावर गुणकारी ठरत नाहीत.

मग ‘आम्हाला गुण आला’ हा अनुभव खोटा का? खोटा नव्हे, त्याचे श्रेय मात्र चुकीच्या ठिकाणी जाते. कावीळ हा रोग नसून लक्षण आहे. दूषित पाण्यातून होणारा ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारचा संसर्ग बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. ‘बी’ आणि ‘सी’ मात्र वर्षानुवर्षे मूकपणे यकृत पोखरू शकतात. पित्तनलिकेत खडा अडकला असेल, तर पाल्याचा रस निरुपयोगीच.

वनौषधी निरुपद्रवीच असते, हाही भ्रम आहे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तरीही घेतलेली प्रत्येक मुळी डॉक्टरांना सांगावी, हे उत्तम.

काविळीत प्रथम रक्ततपासणी करून कारण शोधावे. गुंगी, असंबद्ध बोलणे, रक्तस्राव ही लक्षणे दिसल्यास, किंवा रुग्ण गर्भवती असल्यास, तत्काळ रुग्णालय गाठावे. ‘बी’वर प्रतिबंधक लस आहे, ‘सी’ आता गोळ्यांनी बहुधा पूर्ण बरा होतो. रसाच्या भरवशावर दवडलेले दिवस मात्र परत मिळत नाहीत.