सांठवलेल्या विजेची किंमत

सायंकाळीं सातच्या सुमारास नवी मुंबईंत घरोघर दिवे लागतात आणि विजेची मागणी एकाएकीं वाढते. सूर्य मात्र त्या वेळीं मावळलेला असतो. दुपारीं उन्हापासून मिळविलेली वीज सायंकाळपर्यंत राखावी कशी, हा प्रश्न आपणांस नवा वाटतो. परंतु त्याचा मोठा भाई येथून जवळच, खोपोलीस, शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं सोडविला गेला. श्रोतेहो, त्याचाच इतिहास आज थोडक्यांत सांगणार आहें.

सह्याद्रीवर पाऊस पडतो चार महिने. मुंबईच्या गिरण्यांस वीज हवी बारा महिने. तेव्हां पाणी घाटमाथ्यावरच अडवावें व लागेल तसें खालीं कोंकणांत सोडावें, हा जमशेटजी टाटांचा ध्यास. ते १९०४ सालीं निवर्तले. पुढें लोणावळा, वळवण व शिरवटा येथें तलाव झाले आणि १९१५ सालीं सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीचें वीजगृह सुरू झालें. कोळशाची भट्टी तापावयास तास लागतात. पाण्याची झडप उघडली कीं यंत्र कांहीं मिनिटांत पुरतें फिरूं लागतें. म्हणून तलाव हीच विजेची कोठी ठरली.

परंतु या कोठीची किंमत केवळ रुपयांत मोजतां येत नाहीं. मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापति' ही पदवी मिळाली ती याच लढ्यांत. लढा सुमारें तीन वर्षें चालला. तरीहि धरण झालें, पिढ्यान्‌पिढ्यांची भातशेती बुडाली, आणि त्या पाण्यावर १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह चालूं झालें.

आज पाणी एकदां खालीं सोडून भागत नाहीं. २००८ सालीं सुरू झालेल्या, २५० मेगावॉट शक्तीच्या घाटघर प्रकल्पांत वीज उरली कीं तिच्याच बळावर खालचें पाणी वरच्या तलावांत चढवितात, आणि मागणी वाढली कीं पुन्हां सोडतात. यांत चार युनिट खर्चावे, तेव्हां सुमारें तीन हातीं येतात. चौथें युनिट ही सांठवणीची दस्तुरी. विद्युत्‌घटांत गळती कमी, पण ते कालांतरानें झिजतात व बदलावे लागतात.

उन्हाची वीज वाढेल तशा सह्याद्रींत अशा नव्या कोठ्या लागतील, आणि त्या बांधाव्याहि लागतील. मात्र त्यांचा हिशेब मांडतांना दस्तुरीचें युनिट धरावें तशी जमीन देणाऱ्यांची बाजूहि आरंभींच धरावी. मुळशींत ती शेवटीं धरली गेली, आणि तो आंकडा अद्यापि जुळलेला नाहीं.