संयोजी ऊतींचे आजार आणि गर्भारपण : पूर्वनियोजन महत्त्वाचे

ल्युपस, श्योग्रेन सिंड्रोम, स्क्लेरोडर्मा यांसारख्या आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करते. त्वचा, सांधे, रक्तवाहिन्या व अंतर्गत अवयवांना आधार देणाऱ्या संयोजी ऊती त्यामुळे बाधित होतात. ल्युपसच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना हा आजार मूल होण्याच्या वयातच जडतो. पूर्वी अशा स्त्रियांना गर्भधारणा टाळण्याचाच सल्ला दिला जात असे. आता आजार नियंत्रणात असताना, वैद्यकीय देखरेखीखाली झालेली गर्भधारणा बहुतांशी सुखरूप पार पडते.

अमेरिका व कॅनडातील ३८५ ल्युपसग्रस्त गर्भवतींच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आजार शांत किंवा सौम्य असलेल्या स्त्रियांचाच समावेश होता. त्यांपैकी ८१ टक्के स्त्रियांना गंभीर गुंतागुंत झाली नाही.

मातेला असणारे धोके

गर्भधारणेच्या वेळी आजार सक्रिय असल्यास तो बळावण्याची शक्यता वाढते. मूत्रपिंडाला आधीच इजा झालेली असल्यास रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्प्सिया होण्याचा धोका अधिक असतो. प्रीएक्लॅम्प्सिया आणि मूत्रपिंडाचा ल्युपस या दोन्हींत रक्तदाब वाढतो व लघवीतून प्रथिने जातात. परंतु उपचार भिन्न असल्याने रक्त व लघवीच्या विशेष तपासण्या करून निदान करावे लागते.

अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होणे, वारंवार गर्भपात आणि गर्भाचा मृत्यू यांची भीती असते. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचे निदान झालेल्या गर्भवतींना कमी मात्रेतील ॲस्पिरिन व हेपारिनची इंजेक्शने दिली जातात. फुप्फुसातील रक्तदाब खूप वाढलेला असल्यास मात्र गर्भधारणा मातेच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे ती टाळण्याचा सल्ला दिला जातो.

बाळावर होणारे परिणाम

मुदतपूर्व प्रसूती आणि कमी जन्मवजन हे प्रमुख परिणाम आहेत. जन्मवजनाचे महत्त्व म्हैसूर शहरातील नोंदींवरूनही स्पष्ट झाले आहे. तेथील होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालयात १९३४ पासून नवजात बालकांचे वजन, लांबी व डोक्याचा घेर यांच्या नोंदी ठेवण्यात आल्या. १९३४ ते १९५४ या काळात तेथे जन्मलेल्या व्यक्तींचा पुढे शोध घेण्यात आला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, जन्मवेळी वजन कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. हा अभ्यास सर्वसाधारण मातांच्या अपत्यांचा होता. तरीही गर्भाची वाढ खुंटू न देणे किती आवश्यक आहे, हे त्यातून दिसते.

मातेच्या रक्तात अँटि-रो प्रतिपिंडे असल्यास सुमारे २ टक्के बाळांच्या हृदयाचे ठोके जन्मापूर्वीच मंदावतात. या जन्मजात हार्ट ब्लॉकमुळे काही बाळांना पेसमेकर बसवावा लागतो. आधीच्या अपत्याला हा त्रास झाला असल्यास पुढील गर्भारपणातील धोका कितीतरी पटींनी वाढतो. अशा वेळी साधारण सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यांदरम्यान गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी केली जाते.

औषधे कोणती चालू ठेवावीत?

दिवस गेल्याचे कळताच बाळाच्या काळजीने सर्वच औषधे बंद करणे धोकादायक ठरते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गर्भारपणात सुरू ठेवण्याची शिफारस आहे. ते थांबवल्यास आजार उसळण्याची शक्यता वाढते. ॲझाथायोप्रिन आणि कमी मात्रेतील प्रेडनिसोलोनही देता येते. याउलट मेथोट्रेक्सेट, मायकोफिनोलेट व सायक्लोफॉस्फामाइड गर्भाला अपायकारक असल्याने गर्भधारणेपूर्वीच बदलावी लागतात. नव्या औषधांवर आजार स्थिर राहतो का, हेही आधी पाहावे लागते. यासाठी आजार किमान सहा महिने शांत असावा, असा संकेत आहे. तोपर्यंत गर्भनिरोधनाची गरज असते. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असल्यास इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या टाळाव्यात.

ल्युपसग्रस्त गर्भवतींना प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी पहिल्या तिमाहीच्या अखेरीपासून कमी मात्रेतील ॲस्पिरिन दिले जाते.

उपचारांत समन्वय हवा

अशा गर्भवतीस प्रसूतितज्ज्ञ व संधिवाततज्ज्ञ, तसेच गरजेनुसार मूत्रपिंडतज्ज्ञ आणि नवजात शिशुतज्ज्ञ यांची एकत्रित देखरेख लागते. त्यामुळे प्रसूती व वैद्यकशास्त्र हे दोन्ही विभाग उपलब्ध असलेले वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सोयीचे ठरते. म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयाशी स्त्रिया व बालकांसाठीचे चेलुवांबा रुग्णालय आणि कृष्णराजेंद्र रुग्णालय अशी दोन्ही शासकीय रुग्णालये संलग्न आहेत. १९२४ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेले हे महाविद्यालय १९३० मध्ये म्हैसूरला हलवण्यात आले.

प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांतही आजार पुन्हा बळावू शकतो. म्हणून मातेची तपासणी व औषधे चालू राहणे आवश्यक असते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन व कमी मात्रेतील प्रेडनिसोलोन घेत असताना बाळाला स्तनपान देता येते.