मतदान पद्धती आणि तिसऱ्या पक्षाचे प्रतिनिधित्व : मुंबई प्रांताचा अनुभव (1937 ते 1957)

प्रस्तावना

संसदीय लोकशाहीत निवडणुकीचा निकाल मतदार ठरवितात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र मतदाराला किती मते असावीत, ती कशी द्यावीत आणि कशी मोजावीत, हे नियम मतदानापूर्वीच ठरलेले असतात. मोठ्या पक्षांना या नियमांची झळ फारशी लागत नाही. मर्यादित पण निष्ठावान पाठिंबा असलेल्या तिसऱ्या पक्षाचे भवितव्य मात्र अनेकदा त्यांवरच अवलंबून असते. फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्युव्हर्जे यांनी 1951 मध्ये साध्या बहुमताची पद्धती द्विपक्षीय व्यवस्थेला अनुकूल असते, असा सिद्धांत मांडला. भारतात या प्रश्नाचा अनुभव त्यापूर्वीच येऊ लागला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाला आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला दोन भिन्न मतदान पद्धतींखाली निवडणुका लढवाव्या लागल्या. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

1937 ची निवडणूक आणि संचयी मतदान

24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराने अस्पृश्य वर्गासाठी स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघातील राखीव जागांची तरतूद झाली. 1935 च्या कायद्यानुसार मुंबई विधानसभेच्या 175 जागांपैकी 15 जागा या वर्गासाठी राखीव होत्या. या जागा बहुसदस्य मतदारसंघांत होत्या. त्यामुळे मतदाराने आपली एकाहून अधिक मते कशी द्यावीत, हा प्रश्न निर्णायक ठरला.

या संदर्भात दोन पद्धती विचारात घेतल्या जात. संचयी पद्धतीत मतदार आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देऊ शकतो. वितरणात्मक पद्धतीत एका उमेदवाराला एकच मत देता येते. दोहोंतील फरक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन जागांच्या मतदारसंघात 900 मतदार आहेत; त्यांपैकी 301 तिसऱ्या पक्षाचे व 599 मोठ्या पक्षाचे समर्थक आहेत. संचयी पद्धतीत 301 मतदार आपली दोन्ही मते एका उमेदवाराला देऊन त्यास 602 मते मिळवून देतात. मोठ्या पक्षाने आपली 1198 मते दोन उमेदवारांत समान वाटली, तरी प्रत्येकास 599 मतेच मिळतात. अर्थात एक जागा तिसऱ्या पक्षाकडे जाते. वितरणात्मक पद्धतीत मात्र तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला 301 च मते मिळतात आणि दोन्ही जागा मोठा पक्ष जिंकतो. मतदार तेच, त्यांची पसंती तीच. निकाल मात्र वेगळा.

मुंबई प्रांतात 1937 मध्ये संचयी मतदान होते. ऑगस्ट 1936 मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने 17 जागा लढविल्या व त्यांतील बहुतेक जिंकल्या. खुद्द आंबेडकरांनी मुंबईत काँग्रेसचे उमेदवार, प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचा सुमारे 2 हजार मतांनी पराभव केला. शामराव परुळेकर यांच्यासारखे सवर्ण सहकारीही पक्षातर्फे निवडून आले.

या यशाचे मोल केवळ जागांच्या संख्येत नव्हते. सत्तेवर काँग्रेस असताना आंबेडकरांनी सप्टेंबर 1937 मध्ये विधानसभेत खोती पद्धतीच्या निर्मूलनाचे विधेयक मांडले. औद्योगिक कलह विधेयकाला पक्षाने सभागृहात विरोध केला आणि 7 नोव्हेंबर 1938 च्या संपात तो कम्युनिस्टांसह रस्त्यावर उतरला. कोकणातील कुळांचे आणि मुंबईतील गिरणी कामगारांचे प्रश्न विधिमंडळात स्वतंत्रपणे मांडले गेले, ते या मोजक्या जागांमुळे.

तथापि या यशाचे सर्व श्रेय मतदान पद्धतीला देता येत नाही. 1942 मध्ये स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला 1946 च्या प्रांतिक निवडणुकांत जवळजवळ सर्वत्र पराभव पत्करावा लागला. अनुकूल नियम पाठिंब्याचे रूपांतर जागांत करू शकतो. पाठिंबा निर्माण करू शकत नाही.

संविधान सभेतील चर्चा

जानेवारी 1949 मध्ये संविधान सभेत हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. मध्य प्रांत व वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्य मतदारसंघ व संचयी मतदान यांवर आधारित प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती सुचविली. आंबेडकरांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला विरोध केला. ही पद्धती मतदारांच्या साक्षरतेची अपेक्षा करते आणि तिच्यामुळे विधिमंडळात अनेक गट निर्माण होऊन सरकार अस्थिर होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. नवस्वतंत्र देशाच्या परिस्थितीत हा युक्तिवाद दुर्लक्षणीय नव्हता. दुरुस्ती नामंजूर झाली.

1952 चा पराभव

पुढे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 63 व्या कलमाने वितरणात्मक मतदान लागू केले. बहुसदस्य मतदारसंघातील मतदाराला जितक्या जागा तितकी मते होती. परंतु एका उमेदवाराला एकाहून अधिक मते दिल्यास त्यांतील एकच ग्राह्य धरले जाई व उर्वरित बाद होत.

1952 मध्ये उत्तर मुंबईच्या द्विसदस्य लोकसभा मतदारसंघात आंबेडकर राखीव जागेसाठी, तर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी परस्परांशी समझोता करून उभे होते. आंबेडकरांना 1,23,576 मते मिळाली. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर सुमारे 14 हजार मतांच्या फरकाने विजयी झाले. मेहता यांचाही पराभव झाला. या मतदारसंघात 70 हजारांहून अधिक मते बाद ठरली होती. मते वाया घालविण्याचा प्रचार कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांच्याकडून झाला, असा आरोप करून आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. परंतु निकाल कायम राहिला. दुसरे मत कोणालाही उपयोगी पडू न देण्याच्या या डावपेचाला 'मत कुजविणे' असे म्हटले जाई. मत कुजविणे हे वितरणात्मक पद्धतीनेच घडविलेले शस्त्र होते. ज्याला आपला पाठिंबा एकत्र करण्याची मुभा नाही, त्याला तो वाया घालविण्याचाच मार्ग उरतो.

देशपातळीवरील आकडे हाच प्रश्न व्यापक स्वरूपात दाखवितात. लोकसभेच्या 489 जागांपैकी काँग्रेसला सुमारे 45 टक्के मतांवर 364 जागा मिळाल्या. समाजवादी पक्षाला सुमारे 10.6 टक्के मते मिळूनही 12 च जागा मिळाल्या; तर सुमारे 3.3 टक्के मतांवर कम्युनिस्ट पक्षाने 16 जागा जिंकल्या. समाजवाद्यांचा पाठिंबा देशभर विखुरलेला होता, कम्युनिस्टांचा काही प्रदेशांत एकवटलेला होता. म्हणजे ही पद्धती सर्वच लहान पक्षांना सारखीच मारक नव्हती. विखुरलेल्या पाठिंब्याला ती विशेष मारक होती. गावोगावी अल्पसंख्य असलेल्या दलित समाजाच्या पक्षाला ही अडचण सर्वाधिक जाणवणे स्वाभाविक होते.

1957 आणि त्यानंतर

1957 मध्ये फेडरेशनची मते 1952 मधील सुमारे 2.4 टक्क्यांवरून 1.7 टक्क्यांपर्यंत घसरली. जागा मात्र 2 वरून 6 झाल्या. दादासाहेब गायकवाड यांच्यासारखे नेते नाशिकहून लोकसभेत गेले. याचे प्रमुख कारण संयुक्त महाराष्ट्र समितीतील सहभाग हे होते. द्विसदस्य मतदारसंघांची व्यवस्था कायम होती, नियमही तोच. बदलली ती युती. आघाडीत फेडरेशनच्या मतांना मित्रपक्षांच्या मतांची जोड मिळाली. 1961 च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले आणि एकसदस्य मतदारसंघांची व्यवस्था सार्वत्रिक झाली.

आंबेडकरांची स्वतःची भूमिकाही या अनुभवानंतर स्थिर राहिली नाही. 1955 मध्ये भाषावार राज्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि संचयी मतदान यांचा पुरस्कार केला. भाषिक राज्यात एका मोठ्या जातीचे वर्चस्व निर्माण झाल्यास अल्पसंख्याकांना संरक्षण हवे, ही त्यामागील चिंता होती. सरकारच्या स्थैर्याचा विचार त्यांनी 1949 मध्ये अग्रक्रमाने केला. सहा वर्षांनी प्रतिनिधित्वाचा प्रश्न त्यांना तितकाच निकडीचा वाटला.

निष्कर्ष

1. मतदार व पसंती कायम राहूनही केवळ मते देण्याच्या नियमामुळे तिसऱ्या पक्षाच्या जागांत फरक पडू शकतो.

2. राखीव जागा समाजाला प्रतिनिधी देते. तो त्या समाजाच्या स्वतःच्या पसंतीचा असेलच, याची हमी देत नाही. 1952 चा उत्तर मुंबईचा निकाल हे त्याचे ठळक उदाहरण होय.

3. साध्या बहुमताच्या पद्धतीत विखुरलेल्या पाठिंब्याच्या पक्षाला युतीचा आधार घ्यावा लागतो. युतीने जागा मिळतात. परंतु त्यासाठी मोठ्या मित्रांच्या संमतीवर विसंबावे लागते.

4. स्थिर सरकार आणि न्याय्य प्रतिनिधित्व ही दोन्ही मूल्ये खरी आहेत. एकासाठी दुसऱ्याचा किती त्याग करावा, हा निर्णय तांत्रिक नसून राजकीय असतो. मुंबई प्रांताचा अनुभव असे दाखवितो की, त्या निर्णयाची किंमत बहुतेक वेळा विखुरलेल्या अल्पसंख्य मतदारालाच मोजावी लागते.